‘ग्रेट ईस्टर्न’ फार मोठी होती म्हणून बुडीत गेली का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. पॉलिटेक्निकच्या सेमिनारसाठी तुम्ही ‘ग्रेट ईस्टर्न’ ही १८५८ साली पाण्यात उतरलेली आगबोट निवडलीत. जिथे वाचावं तिथे एकच मत सापडलं, की बोट अवाढव्य होती, काळाच्या पुढची होती, म्हणून फसली. तुम्हाला खटकलं ते असं, की मग हीच अवाढव्य बोट अटलांटिकच्या तळाशी तार टाकायला कशी चालली? तिचा आराखडा करणाऱ्या ब्रुनेलची चूक नेमकी कोणती? आणि जाता जाता, तिच्या दुहेरी कवचात रिव्हेटवाल्याचा सांगाडा सापडला होता म्हणतात, ते खरं का?

सांगाड्याचं शेवटी बघू.

मी इतिहासाचा अभ्यासक नव्हे. बत्तीस वर्षं मर्चंट नेव्हीच्या इंजिन रूममध्ये गेली, त्यातली शेवटची बारा चीफ इंजिनीअर म्हणून. पण एक सवय अंगात मुरली आहे. नव्या बोटीवर जॉइन झालो की पहिल्याच दिवशी दोन गोष्टी विचारायच्या: ही मुळात कुठल्या रूटसाठी बांधली, आणि आता कुठल्या रूटवर चालते? दोन्ही उत्तरं एक असली की कॉन्ट्रॅक्ट सुखात जातं. वेगळी असली की रोज काही ना काही उपटतं. ‘ग्रेट ईस्टर्न’ला हेच दोन प्रश्न विचारून बघा. बांधली पूर्वेच्या रूटसाठी, ते नावातच आहे. चालवली अटलांटिकवर. निम्मं कोडं इथेच सुटतं. उरलेलं निम्मं कोळशात आहे.

१८५०च्या आसपास इंग्लंडहून हिंदुस्थान किंवा ऑस्ट्रेलियाला वाफेवर थेट जायचं म्हणजे आफ्रिकेला वळसा, कारण सुएझचा कालवा व्हायचा होता. त्या काळची इंजिनं कोळशाला हावरी, त्यामुळे वाटेत पुन्हा पुन्हा थांबून कोळसा भरावा लागे. आणि त्या बंदरांत कोळसा काही जमिनीतून निघत नव्हता. तो वेल्समधून शिडाच्या जहाजांनी आधीच आणून रचून ठेवलेला असे. आगबोटीला पुढे जायला शिडाच्या जहाजांनी आधी जाऊन कोळसा ठेवायचा, आणि त्यांचं भाडं कोळशाच्या भावावर चढायचं! हे वाचून हसू येईल, पण माझ्या नोकरीतला अर्धा पत्रव्यवहार याच विषयावरचा होता. सिंगापूर किंवा फुजैराला तेल स्वस्त मिळतं म्हणून टाक्या काठोकाठ भरल्या तर तेवढ्या वजनाचा माल कमी घ्यावा लागतो. कमी भरल्या तर पुढच्या महागड्या बंदरात घासाघीस. चार्टररचा, म्हणजे बोट भाड्याने घेणाऱ्याचा, माणूस एका बाजूने ओढतो, कॅप्टन दुसऱ्या बाजूने, आणि चीफ मध्ये कॅल्क्युलेटर घेऊन बसलेला असतो.

इझंबार्ड किंग्डम ब्रुनेलने १८५२च्या सुमारास या कटकटीवर जे उत्तर काढलं ते इंजिनीअरचं उत्तर आहे: जायचा आणि यायचा कोळसा घरूनच न्या. वाटेत कुठेही थांबू नका. त्यासाठी बोट किती मोठी हवी, याचा हिशेब त्याने उलट्या बाजूने केला. तुम्ही हा हिशेब सेमिनारमध्ये जरूर दाखवा, कारण सगळं त्याच्यावर उभं आहे. बोटीची लांबी, रुंदी, खोली तिन्ही दुप्पट केली तर तिच्या पोटात आठपट माल मावतो, पण पाण्याला घासणारं अंग फक्त चौपट होतं. म्हणजे मोठ्या बोटीला टनामागे कोळसा कमी लागतो. ही अंधश्रद्धा नव्हती, त्याने ते एकदा करून दाखवलं होतं. १८३८च्या एप्रिलमध्ये त्याची ‘ग्रेट वेस्टर्न’ न्यूयॉर्कला पोचली तेव्हा बंकरमध्ये, म्हणजे कोळशाच्या कोठारात, २०० टन कोळसा शिल्लक होता. तिच्या काही तास आधी पोचलेल्या छोट्या ‘सिरियस’चा कोळसा संपत आला होता.

त्या हिशेबातून निघालेली बोट ६९२ फूट लांब, १८,९१५ टनांची, बंकरमध्ये सुमारे १२,००० टन कोळसा आणि वर ४,००० उतारूंची सोय. त्या वेळी अटलांटिकवर कुनार्ड कंपनीची ‘पर्शिया’ मोठी समजली जायची, ती जेमतेम ४०० फूट. ‘ग्रेट ईस्टर्न’पेक्षा लांब बोट जगाला दिसली ती १८९९ साली. आता हा १२,००० टनांचा आकडा एका बाजूला लिहून ठेवा, तो पुन्हा लागेल.

बांधणीबद्दल थोडं सैल हाताने लिहितो, कारण माझा जीव तिथे अडकतो. कवच दुहेरी. बाहेरचा पत्रा, मग २ फूट १० इंच मोकळी जागा, मग आतला पत्रा, आणि हे फक्त तळाला नाही तर बाजूंनी पाण्याच्या रेषेच्या वरपर्यंत. लांबीच्या दिशेने जाणाऱ्या लोखंडी पट्ट्यांनी दोन्ही पत्रे एकमेकांना बांधलेले, जणू लोखंडी पूलच. तो रेल्वेचे पूल बांधणारा माणूस होता, हे विसरू नका. सुमारे ३० लाख रिव्हेट, सगळे हातोड्याने मारलेले. एक पोरगा भट्टीत रिव्हेट लाल करून फेकणार, एक जण आतून डोकं दाबून धरणार, बाहेरून दोघे आळीपाळीने ठोकणार. दाबून धरणारा बसायचा कुठे? त्या २ फूट १० इंचांच्या फटीत. मी डबल बॉटम टँकमध्ये, म्हणजे दुहेरी तळातल्या टाकीत, तपासणीसाठी शेकडो वेळा सरपटलो आहे. टॉर्च, गॅस मीटर, मॅनहोलपाशी उभा सहकारी, एवढं सगळं असूनही अर्ध्या तासात जीव गुदमरतो. त्यांनी तिथे वर्षानुवर्षं काढली, वर ठोक्यांचा आवाज.

पुढे ढकलायला एकाच बोटीत दोन तऱ्हा: बाजूंना ५६ फूट व्यासाची दोन पॅडल चाकं, मागे २४ फुटांचा स्क्रू, शिवाय सहा डोलकाठ्यांवर शिडं. लोक याला हौस म्हणतात. हौस नव्हती. एवढी ताकद एका शाफ्टमधून नेता येईल असा शाफ्ट घडवणारा कारखाना तेव्हा नव्हता; पॅडलचा सुमारे ४० टनांचा क्रँकशाफ्ट घडवतानाच लोकांच्या नाकी नऊ आले. ताकद वाटून घेण्यावाचून इलाज नव्हता.

टेम्सच्या काठी मिलवॉलला ती कशी बांधली आणि नदीत कशी ढकलली, यावर रकानेच्या रकाने लिहिले गेले आहेत, म्हणून मी पळतं उरकतो. जहाजं बांधणाऱ्या जॉन स्कॉट रसेलने ३,७७,२०० पौंडांचं टेंडर भरलं, ते फारच कमी होतं, आणि १८५६च्या सुरुवातीला त्याची पेढी बसली. नदी अरुंद म्हणून बोट आडवी उतरवायची ठरली. ३ नोव्हेंबर १८५७ला पहिला प्रयत्न फसला, विंचची हँडलं उलटी फिरून माणसं उडाली, जीवही गेला. मग हायड्रॉलिक जॅक लावून इंच-इंच ढकलत ३१ जानेवारी १८५८ला ती तरंगली. तोवर मूळ कंपनीचे पैसे संपले होते. नव्या कंपनीने बोट अर्ध्याहून कमी किमतीत उचलली.

आता पहिला मोठा अपघात. त्यात इंजिनीअरला शिकण्यासारखं सगळ्यात जास्त आहे. बोटीचे फनेल, म्हणजे धुराडी, उतारूंच्या दिवाणखान्यातून वर जायचे. दिवाणखाना तापू नये आणि बॉयलरला जाणारं पाणी आयतंच गरम व्हावं, म्हणून पुढच्या दोन फनेलांभोवती पाण्याचं जाकीट केलं होतं. आपल्या भाषेत फीड हीटर किंवा इकॉनॉमायझर. जाकिटातून एक उभा पाइप वर जायचा, तो वरून उघडा. पाण्याची वाफ झालीच तर तिथून निघून जाईल, दाब वाढायचा प्रश्नच नाही. कल्पना साधी आणि बरोबर. पण जाकिटाची दाबाची चाचणी घ्यायची म्हणून त्या उघड्या पाइपवर कुणीतरी कॉक बसवला होता. चाचणी झाली. कॉक तिथेच राहिला, आणि बंद राहिला. ९ सप्टेंबर १८५९ला चाचणी सफरीत बोट हेस्टिंग्जच्या समोर असताना पुढच्या फनेलचं जाकीट फुटलं, अख्खा फनेल वर उडाला, उकळतं पाणी आणि वाफ खाली बॉयलर रूममध्ये घुसली. पाच आगवाले मेले. दुसऱ्या फनेलवरचा कॉकही बंदच होता, तो वेळेवर उघडला म्हणून आणखी मेले नाहीत. ब्रुनेल चार दिवस आधी बोटीवरच झटका येऊन कोसळला होता. ही बातमी त्याने अंथरुणात ऐकली, आणि १५ सप्टेंबरला तो गेला.

माझ्या एका बोटीवर ड्राय डॉकमध्ये एक्झॉस्ट गॅस इकॉनॉमायझरची प्रेशर टेस्ट झाली. टेस्टच्या वेळी सेफ्टी व्हॉल्व्ह उचलू नयेत म्हणून त्यांना गॅग, म्हणजे अडसर, लावतात. सर्व्हेअर सही करून गेला, यार्डवाले आवरून गेले, संध्याकाळी चहा झाला. रात्री फायरिंगच्या आधी सेकंड इंजिनीअर सहज टॉर्च घेऊन वर चढला आणि खाली येऊन म्हणाला, ‘चीफसाब, एक गॅग अजून वर आहे.’ तेव्हापासून मी एक नियम केला. टेस्टसाठी लावलेली प्रत्येक वस्तू मोजून, लाल रंग लावून, कंट्रोल रूममधल्या टेबलावर परत आल्याशिवाय बर्नर पेटवायचा नाही. गॅग दोन गेले असतील तर टेबलावर दोन दिसले पाहिजेत. ‘ग्रेट ईस्टर्न’चा तो स्फोट बोट मोठी होती म्हणून झाला नाही. बंदराच्या टगबोटीवरही तो तसाच झाला असता.

मूळ मुद्द्याकडे येतो. नव्या कंपनीकडे पूर्वेच्या लांब सफरीसाठी बोट सजवायला पैसा नव्हता. अटलांटिक जवळ, उत्पन्न लगेच. म्हणून १७ जून १८६०ला ती साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला निघाली: तिकीट काढलेले उतारू ३५, खलाशी ४१८. अकरा दिवसांत पोचली, तिथे बघ्यांची झुंबड उडाली, पण बघ्यांवर बोट चालत नाही.

आता तो १२,००० टनांचा आकडा काढा. अटलांटिकची एक खेप म्हणजे सुमारे ३,००० सागरी मैल, आणि दोन्ही टोकांना कोळशाच्या खाणी असलेले देश. जी अडचण सोडवायला बोट एवढी वाढवली, ती अडचण या रूटवर अस्तित्वातच नव्हती. जगभर न थांबता जायची क्षमता घेऊन ती दहा-अकरा दिवसांच्या फेऱ्या मारत होती. वाळवंट ओलांडायला बांधलेला टँकर शहराच्या आत दूध वाटायला लावावा, तसं झालं.

दुसरं, लायनरचा, म्हणजे ठरलेल्या मार्गावर उतारू नेणाऱ्या बोटीचा, धंदा वेळापत्रकाचा. कुनार्डकडे टपालाचं सरकारी अनुदान होतं आणि ठरलेल्या वारी निघणाऱ्या अनेक बोटी होत्या. व्यापाऱ्याला या आठवड्यात निघायचं असतं, पुढच्या महिन्यात चार हजार माणसं जमल्यावर नाही. एकुलती एक महाबोट वेळापत्रक देऊच शकत नाही, आणि ती दुरुस्तीला गेली की कंपनी बंद. गावात एकच पण दीडशे सीटची एस.टी. ठेवली तर लोक वडापनेच जातील ना! त्यात एप्रिल १८६१ला अमेरिकेत यादवी सुरू झाली. त्याच उन्हाळ्यात सरकारने दोन हजारांवर सैनिक, त्यांची कुटुंबं आणि घोडे तिच्यातून क्वेबेकला पाठवले. त्या एका खेपेत तिचं पोट खऱ्या अर्थाने माणसांनी भरलं, आणि काम चोख झालं.

मग आकाराचा काहीच दोष नव्हता का? होता. पण तो बोटीत कमी आणि बंदरात जास्त होता. दोन प्रसंग सांगतो.

सप्टेंबर १८६१मध्ये वादळाने दोन्ही पॅडल चाकं उखडली, आणि रडरचा, म्हणजे सुकाणूच्या पात्याचा, दांडा तुटून रडर मोकळा फडफडू लागला. स्क्रू शाबूत होता, पण बोट वळेना, लाटांना आडवी पडून लोळू लागली. शेवटी हॅमिल्टन टाउल नावाच्या अमेरिकन इंजिनीअरने, जो साधा उतारू होता, तुटलेल्या दांड्याला साखळदंड गुंडाळून सुकाणू चालू करून दिलं. तोवर एवढा रडर माणसं हाताने चाक ओढून फिरवत असत. पुढे १८६७च्या सुमारास मॅकफर्लन ग्रेचं वाफेवरचं स्टिअरिंग इंजिन तिच्यावर बसलं. तुम्ही स्टिअरिंग गिअर शिकला असाल तर हंटिंग गिअर माहीत असेल: चाक जितकं फिरवाल तितकाच रडर फिरतो आणि आपोआप थांबतो. त्याची थोरली आजी ही. ब्रिजवर चाक फिरलं की वाफेचा व्हॉल्व्ह उघडतो, रडर हलू लागला की तोच व्हॉल्व्ह परत बंद करत आणतो. ओरल परीक्षेत मी हा प्रश्न अनेक पोरांना विचारला आहे, आणि आकृती काढताना बहुतेकांचा बाण उलटा असतो.

दुसरा प्रसंग ऑगस्ट १८६२चा. भरलेल्या बोटीला सुमारे ३० फूट पाणी लागायचं. न्यूयॉर्कच्या तोंडाशी सँडी हूकला रेतीचा उथळ बांध, तो टाळायला कॅप्टन लाँग आयलंडच्या पलीकडून आला आणि माँटॉकजवळ नकाशात नसलेल्या खडकावर बोट घासली. बाहेरच्या पत्र्याला ८३ फूट लांब आणि ९ फूट रुंद भगदाड. आतला पत्रा शाबूत. बोट किंचित कलली आणि स्वतःच्या वाफेवर न्यूयॉर्कला पोचली. एवढं भगदाड त्या काळच्या दुसऱ्या कुठल्याही बोटीला पडलं असतं तर ती तळाला गेली असती. पन्नास वर्षांनी ‘टायटॅनिक’ला दुहेरी तळ दिला, पण दुहेरी बाजू दिल्या नाहीत, आणि ती फाटली बाजूला. तेलाच्या टँकरना दुहेरी कवच सक्तीचं व्हायला १९९०चं दशक उजाडलं.

आता दुरुस्ती. एवढी बोट घेईल असा ड्राय डॉकच नव्हता. मग रेनविक बंधू या इंजिनीअरांनी लाकडाचं प्रचंड कॉफरडॅम, म्हणजे पाणी अडवणारी पेटी, करून ते बाहेरून भगदाडावर चिकटवलं, आतलं पाणी उपसलं आणि माणसं आत उतरवून पत्रे बसवले. काम अफलातून, बिल कंपनी बुडवणारं. ब्रुनेलचा हिशेब जिथे चुकला तो हा. समुद्रात मोठी बोट स्वस्त पडते, हे त्याला दिसलं. पण बोट तिच्या आयुष्यातला बराच काळ बंदरात असते, आणि तिथे तिच्या मापाचा धक्का, तिच्या मापाची खोली, तिच्या मापाचा डॉक लागतो, हे त्याने दुसऱ्यांवर सोडलं. दुसऱ्यांनी ते चाळीस वर्षांनी बांधलं.

१८६४मध्ये लिलावात बोट २५,००० पौंडांना गेली. घेणाऱ्यांत डॅनियल गूच होता, ब्रुनेलचा रेल्वेतला जुना सहकारी. आणि इथे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सुरू होतं.

१८५८ची अटलांटिक तार दोन बोटींनी अर्धी-अर्धी नेऊन भर समुद्रात जोडली होती, आणि ती काही आठवड्यांतच मुकी झाली. नवी तार जाड, जड, हजारो टनांची. ती अखंड पोटात घेईल अशी बोट जगात एकच होती. एक फनेल आणि काही बॉयलर काढून तीन लोखंडी टाक्या बसवल्या, तारेवरचं गटापर्चा (झाडाच्या चिकाचं रबरासारखं आवरण) खराब होऊ नये म्हणून टाक्यांत पाणी भरलं. जो कोळशाचा आणि उतारूंचा रिकामा पसारा कंपनीला खात होता, तोच आता मालाचा झाला. पॅडल आणि स्क्रूला वेगवेगळी इंजिनं, त्याचाही इथे उपयोग झाला. स्क्रू पुढे चालवून रडरवर पाणी मारायचं आणि त्याच वेळी पॅडल मागे चालवून बोट जागीच धरायची. आज केबल टाकणाऱ्या बोटींना संगणक आणि थ्रस्टर लागतात त्या कामासाठी.

१८६५मध्ये तार सुमारे १,२०० मैलांवर तुटून तळाला गेली. १८६६मध्ये १३ जुलैला निघून २७ जुलैला न्यूफाउंडलंडच्या हार्ट्स कंटेंटला टोक पोचवलं. आणि मग परत फिरून, २,००० फॅदम खोल पाण्यात गळ टाकून आदल्या वर्षीची तुटकी तार शोधली, वर काढली, जोडली आणि तीही किनाऱ्याला नेली. तीसेक वेळा गळ टाकावा लागला. दोन मैल खाली, रात्री, दोरावर हात ठेवून ‘लागलं की नाही’ ओळखायचं. मी नांगर अडकल्याचे प्रकार पाहिले आहेत, तेही पन्नास मीटरवर. या कामापुढे मी फक्त नमस्कार करतो.

आता आपल्याकडचा धागा. नोव्हेंबर १८६९मध्ये सुएझचा कालवा उघडला, आणि त्याच महिन्यात ‘ग्रेट ईस्टर्न’ मुंबई–एडन तार पोटात घेऊन इंग्लंडहून निघाली. कालव्यात ती मावणारच नव्हती, म्हणून जुन्या वाटेने केपला वळसा घालून. उष्णतेने गटापर्चा मऊ पडू नये म्हणून काळी बोट पांढरी रंगवलेली. जानेवारी १८७०च्या अखेरीस ती मुंबईला आली, फेब्रुवारीत इथून एडनकडे तार सोडत गेली, आणि जूनमध्ये लंडन–मुंबई तारेने जोडली गेली. जिच्या नावातच पूर्व, ती पूर्वेला आली ती अशी, एकाही तिकिटाच्या उतारूवाचून. त्या वेळी कॅप्टन होता रॉबर्ट हॅल्पिन.

मग तुम्ही म्हणाल, १८६०मध्येच तिला पूर्वेला पाठवलं असतं तर? इथे मी ठाम बोलणार नाही, कारण ते बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे. कलकत्त्याला ती गेलीच नसती, हुगळीत तेवढं पाणी नाही; सिलोनच्या त्रिंकोमालीला थांबून लहान बोटींनी माणसं पुढे न्यावी लागली असती. त्या लहान बोटी कुणी ठेवायच्या, त्यांचा खर्च कुणी करायचा? ऑस्ट्रेलियाला सोन्यामागे धावणारी गर्दी १८५०च्या दशकात होती, ती साठच्या दशकात तशीच राहिली असती का? माझा अंदाज, काही वर्षं बरी गेली असती. पण मुदत ठरलेली होती. १८६६च्या सुमारास आल्फ्रेड होल्टने ६० पौंड दाबाची कंपाउंड इंजिनं बसवलेल्या बोटी काढल्या, ज्या लिव्हरपूलहून मॉरिशसपर्यंत ८,५०० मैल न थांबता जायच्या. ‘ग्रेट ईस्टर्न’चे बॉयलर २५ पौंडांचे. वाफ एकदाच वापरून सोडून द्यायची की दोनदा राबवायची, एवढाच फरक, पण त्याने कोळसा जवळजवळ निम्म्यावर आला. ब्रुनेलने कोळशाचा प्रश्न बोट वाढवून सोडवला. होल्टने तो सिलिंडर वाढवून सोडवला. त्यावर कालवा. या दोन गोष्टी १८५२मध्ये ब्रुनेलला दिसायला हव्या होत्या असं म्हणणं मला पटत नाही. मी स्वतः २००८च्या आधी अशा बोटींवर काम केलं ज्यांची इंजिनं २४ नॉट्ससाठी घेतली होती, आणि वर्षभरात मालक म्हणाले, १६नेच चालवा, तेल परवडत नाही. त्या बोटी बांधणारे मूर्ख नव्हते.

म्हणून सेमिनारच्या शीर्षकातून ‘अपयश’ काढा असं मी सुचवेन. ‘रूट आणि रचना’ असं काही ठेवा, आणि पहिल्या स्लाइडवर फोटोऐवजी कोळशाचा तक्ता टाका. परीक्षकाने आकाराबद्दल छेडलं तर सँडी हूक आणि ड्राय डॉक ही दोन उत्तरं पुरतील. रोलिंगबद्दल विचारलं तर विल्यम फ्रूडचं नाव घ्या; बोट लाटांवर का लोळते हा प्रश्न ब्रुनेलनेच या बोटीसाठी त्याच्यापुढे ठेवला होता, आणि जहाजांच्या रोलिंगचं शास्त्र त्यातून उभं राहिलं. बोट मात्र शेवटपर्यंत लोळतच राहिली.

शेवटची वर्षं दुःखाची. तारा टाकायला खास बोटी आल्यावर १८७४पासून बारा वर्षं ती मिलफर्ड हेवनला गंजत उभी. मग लिव्हरपूलच्या एका दुकानदाराने तिच्या अंगावर मोठाल्या अक्षरांत जाहिरात रंगवून तिची जत्रा केली. १८८८मध्ये भंगारात १६,००० पौंडांना गेली, आणि मर्सी नदीकाठी तोडायला दीड वर्ष लागलं, कारण ते दुहेरी कवच सुटेचना. दोराला लोखंडी गोळा बांधून वरून आदळावा लागला.

आणि तो सांगाडा. तोडताना कवचात रिव्हेटवाला आणि त्याचा पोऱ्या सापडला ही गोष्ट मी पहिल्यांदा ट्रेनी असताना रात्रीच्या वॉचमध्ये ऐकली, आणि पुढे स्वतःही रंगवून सांगितली. भरवशाचा पुरावा तिला नाही. शिवाय १८६२मध्ये ८३ फुटांचं कवच उघडलं होतं, मधल्या जागेत माणसं उतरली होती. मात्र ही गोष्ट का पसरली ते डबल बॉटममध्ये एकदा उतरलेल्या कुणालाही विचारा.

तिची एक डोलकाठी लिव्हरपूलला अॅनफिल्ड फुटबॉल मैदानाबाहेर झेंड्याचा खांब म्हणून अजून उभी आहे. आणि लंडनला जाणं झालंच तर मिलवॉलला, नेपियर अव्हेन्यूच्या टोकाशी, ज्या लाकडी उतारावरून तिला ढकललं त्याचे ओंडके बघायला मिळतात. आमची बोट टिलबरीला लागली होती तेव्हा मी एका सुट्टीत गेलो होतो. सभोवती फ्लॅट्स, बाकावर एक म्हातारा सँडविच खात बसलेला. ओंडके काळे पडलेत, पण जाड आहेत. मी ६९२ फूट पावलांनी मोजायला लागलो, आणि दोनशे फुटांनंतर कुणाच्या तरी बागेचं कुंपण आडवं आलं.